अकरा सेकंदांचं मत

माहुल गाव, मुंबई
मंगळवार, २७ जानेवारी २०२६

बाबा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडायला घेतलं असेल तर जरा थांबा. वर तीर्थरूप लिहिलं होतं ते मीच खोडलंय. तीन वर्षं तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत, आणि मी एकदम पत्रातून पाया पडायला लागलो तर ते मलाच कसंतरी वाटलं.

फोन करता आला नसता. तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलाय ते एक, आणि माझा फोन शनिवारपासून बंद आहे ते दुसरं. सिम काढून वेगळं ठेवलंय. तरी पण माणूस कुठे आहे ते कळतं असं कोणीतरी सांगितलं, म्हणून फोन तांदळाच्या डब्यात घातलाय. तांदळाने काय होतं मला माहीत नाही. डबा सरूबाईंचा. सरूबाई म्हणजे कृणालची आजी, आणि कृणाल म्हणजे अंधेरीला मी मंडपाच्या लायटिंगला जायचो तेव्हाचा दोस्त. कोळी आहे. त्यांच्या घरामागे जाळी ठेवायची खोली आहे, तिथे मी राहतोय. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला रिफायनरीच्या टाक्या. चिमणीतून जाळ येतो, दिवसासुद्धा. पहिल्या दिवशी वासाने जेवण गेलं नाही. आता बोंबलाचा वास कुठला आणि तेलाचा कुठला ते कळेनासं झालंय. खाडीत गुलाबी पक्षी आलेत, हजारो, एका पायावर उभे असतात आणि लोक मोठमोठे कॅमेरे घेऊन बघायला येतात. रविवारी सकाळी मला वाटलं कॅमेरे माझ्यासाठीच आलेत. मी जाळ्यांच्या ढिगात शिरलो, तासभर बाहेर आलो नाही.

पक्ष्यांचं सोडा. व्हिडिओ तुम्ही बघितला असणार. गावात कोणीतरी दाखवला असणारच.

मी काय काम करतो ते तुम्हाला माहीत नसेल. आईला मी मीडियात आहे सांगितलं होतं. घाटकोपरला हर्षद म्हणून एक आहे, त्याचं यूट्यूब चॅनल आहे. नवीन पिक्चर लागला की पहिल्या शोला आम्ही थिएटरच्या बाहेर उभे राहतो आणि सुटणाऱ्या लोकांची मतं घेतो. माझं काम माणूस पकडायचं. कोण बोलेल ते मला चालीवरून कळतं. चष्मा पुसत येणारा बोलतो. बायकोच्या चार पावलं पुढे चालणारा बोलतो. पॉपकॉर्नचा डबा घरी घेऊन निघालेला कधी बोलत नाही. पहिला प्रश्न, किती स्टार? मग पहिल्या श्वासात माणूस जे बोलेल तेवढं ठेवायचं, पुढचं कापायचं, कारण दहा-बारा सेकंदांपुढे कोणी ऐकत नाही. हे इथे पहिल्याच दिवशी शिकवतात.

शुक्रवारी बाळाकाकांचा पिक्चर लागला. नाईक बाळकृष्ण घाडी. फौजेत असताना तुम्ही बर्फातल्या ज्या चौकीवर त्यांच्याबरोबर होतात ती चौकी, तो कडा, ते कसे वर गेले आणि परत आले नाहीत, सगळं आहे. हिरोचे दंड तुमच्या मांडीएवढे आहेत. मी आणि हर्षद मुलुंडला सकाळच्या शोला आत बसून बघितला.

बाबा, त्यात एक नंदू आहे, तुमच्याच नावाचा. वर जायच्या आधी तो नंदू रडतो. नाक गळतंय, हात थरथरतायत, बुटाची लेस बांधता येत नाही. बाळाकाका हसतात, खाली बसून त्याची लेस बांधतात आणि काहीतरी डायलॉग मारतात. लोक शिट्ट्या मारत होते. नंदूवर हसत होते. बाजूचा एक माणूस इतका हसला की त्याला ठसका लागला.

मला फौजेच्या भरतीच्या आदल्या दिवशीची पडवी आठवली. तुम्ही मला जे सांगितलं होतं ते बरोबर ह्याच्या उलट होतं.

बाहेर लोक एकामागून एक बोलत होते. एक आजोबा म्हणाले, पाचच देता येतात काय, सहा लिहा. एक मुलगी म्हणाली बर्फ एकदम खरा वाटतो. एक काका म्हणाले दोन गाणी कमी केली असती तर बायकोला साडेबाराची बस मिळाली असती. कॉलेजची पोरं एकमेकांच्या बुटांकडे बोट दाखवून "नंदू, लेस बांध" करत होती. मग एक बाई आल्या, चांगल्या शिकलेल्या, ऑफिसवाल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "असे नंदू सगळीकडे असतात. तेच मागे उरतात."

मी माईक धरला होता. तो खाली घेतला. हर्षद म्हणाला, सगळे तेच तेच बोलतायत, तुझे वडील फौजेत होते ना, तू बोल काहीतरी. मी बोललो. साडेचार मिनिटं बोललो. पूर्ण गोष्ट सांगितली, बाळाकाका दोनदा चढले ते पण सांगितलं. हर्षदच्या चॅनलवर त्यातले अकरा सेकंद आले: "झीरो स्टार. सगळं खोटं आहे. रडले ते घाडी. माझे बाबा तिथे होते, बाळा घाडीला भीतीने लेस बांधता येत नव्हती."

एवढंच. ह्याच्या पुढे मी जे बोललो ते जगात कुठेच नाही.

शनिवारी माझ्या खोलीवर सहा माणसं आली. मी वडापाव आणायला खाली गेलो होतो, कोपऱ्यावरून बघितलं आणि तसाच निघालो. खोलीतली पोरं म्हणतात त्यांच्याकडे काळ्या ऑइलची बाटली होती. मला मार खायची भीती आहे, खोटं कशाला बोलू. पण ते तुमच्या दारात येतील ह्याची त्याहून जास्त आहे. कोणी आलं तर दार उघडू नका. कृणालचा नंबर मागे लिहिलाय.

सर्वेश


माहुल
शुक्रवार, ३० जानेवारी

बाबा,

पहिलं पत्र अजून पोचलं नसेल आणि मी दुसरं लिहितोय. हात रिकामा राहिला की कान जास्त ऐकतात.

काल दुपारी बाईकवरून एक जण आला. सरूबाई मांडवावर बोंबील वाळत घालत होत्या, मी खोलीच्या फटीतून बघत होतो. त्याने हेल्मेट काढलं नाही. फोनवर माझा फोटो दाखवला, हा इथे राहतो का विचारलं. सरूबाईंनी फोन हातात घेतला, उन्हात तिरका करून बघितला, परत दिला आणि म्हणाल्या, "ह्यो तं पिच्चरमधला दिसतंय. आमच्याकडं कशाला येल?" तो हसला आणि गेला. मी दोन तास बसल्या जागी बसून होतो, पायाला मुंग्या आल्या तरी हललो नाही. नंतर सरूबाई आत आल्या, माझ्यापुढे भाकरी ठेवली आणि म्हणाल्या, भितंस तं भी, पन खाऊन भी.

सरूबाईंनी पिक्चर बघितला नाही. कृणालने बघितला, तो चार स्टार देतो. मी विचारलं एक कुठे गेला, तर म्हणाला एसी जास्त होता. तोच मला व्हिडिओखालची मतं वाचून दाखवतो. मी नको म्हणतो आणि तरी ऐकतो. बाबा, पिक्चरवरची मतं संपली, आता लोक माझ्यावर मतं देतायत. ह्याला सरहद्दीवर सोडा. ह्याच्या बापाची पेन्शन बंद करा. एकाने नुसता माझ्या खोलीचा पत्ता टाकलाय, गल्ली, मजला, सगळं. एकाने शर्ट कुठून घेतला विचारलंय. एका बाईंनी लिहिलंय की पोरगा खोटं बोलत नसावा, डोळे बघा. त्यांना खाली दोनशे जणांनी झोडपलंय.

आज सकाळी कृणालच्या फोनवर राजेशभाऊ म्हणून एकाचा फोन आला. नंबर हर्षदने दिला. हर्षदलाच मी कुठे आहे ते सांगितलं होतं, कोणाला तरी सांगावं लागतं ना. राजेशभाऊंचं वाकोल्याला मंडळ आहे. माणूस आपल्याकडचाच, कणकवलीच्या बाजूचा, आवाज इतका गोड की मला घाम फुटला. तुझं लहान वय आहे म्हणाले. जेवलास का म्हणाले. मग म्हणाले, आठ तारखेला रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये ये, बाळा घाडींच्या पत्नी येणार आहेत, त्यांच्या समोर माफी माग, आम्ही शूटिंग करू, विषय संपला. काय बोलायचं ते लिहून ठेवलंय.

लिहिलेलं त्यांनी वाचून दाखवलं. माझे वडील नंदकुमार हे खोटे बोलले, चौकीवर भीतीने रडणारे ते स्वतः होते, असं माझ्या तोंडून पाहिजे.

मी म्हणालो, माझी माफी मी मागतो, वडिलांचं कशाला? राजेशभाऊ म्हणाले, "पिक्चरमध्ये तसंच दाखवलंय ना? आणि पिक्चरवाल्यांना तसं तुझ्या वडिलांनीच सांगितलंय. विचार त्यांना." मग जरा थांबले. "नाही आलास तर आमची गावची पोरं तुझ्या घरी जाऊन त्यांनाच विचारतील. वयस्कर माणसाला कशाला त्रास."

बाबा, हे खरं आहे का? तुम्ही पिक्चरवाल्यांना असं सांगितलंत?

सर्वेश


माहुल
मंगळवार, ३ फेब्रुवारी

बाबा,

काल तुमचा फोन आला तेव्हा मी कृणालच्या शेजारीच बसलो होतो. त्याने स्पीकर लावला होता. तुम्हाला ते कळलं असणार, कारण तुम्ही एकदा थांबलात आणि खोकलात. तरी माझं नाव घेतलं नाहीत. कृणालला म्हणालात, "त्याका सांग, रडलो तो नंदकुमार. तसाच बोल आणि मोकळो हो म्हणावं. बाळाचा नाव काढू नको." मग म्हणालात, "आणि फोन बंद ठेवन बसा नको म्हणावं. आवशीक घोर लागता." आईचं ऐकून मला राहवलं नाही.

तीन वर्षांनी तुमचा आवाज ऐकला आणि तो कृणालशी बोलत होता. मी हाताने खूण केली, मला दे, तर तुम्ही ठेवून दिलात.

म्हणजे राजेशभाऊ खरं बोलतायत. पिक्चरवाले घरी आले तेव्हा तुम्ही स्वतःच बाळाकाकांचं रडणं स्वतःच्या नावावर लावलंत. आणि खरं काय ते जगात एकट्या मला सांगितलं होतंत.

आता मला पण एक सांगायचंय. पहिल्या पत्रात मी लपवलं. तसं लिहिलं नाही, पण तुमचा समज तसा होईल असं लिहिलं. ते अकरा सेकंद हर्षदने नाही कापले. एडिटिंग मीच करतो. शुक्रवारी दुपारी मुलुंडच्या थिएटरसमोरच्या ज्यूस सेंटरवर बसून, माझ्याच फोनवर, माझ्याच बोटाने कापले. हर्षद म्हणाला पण होता, पुढचं चांगलं आहे, दोनदा चढला ते ठेव, दोन मिनिटांचा वेगळा व्हिडिओ करू. मी म्हणालो लांब होतं.

धंदा म्हणून कापलं असं स्वतःला सांगत होतो. दहा दिवस ह्या खोलीत बसल्यावर ते टिकत नाही.

भरतीच्या आदल्या दिवशी मला ताप आला होता. तुम्ही पडवीत माझ्याजवळ येऊन बसलात. मला वाटलं ओरडणार. तुम्ही म्हणालात, तो बाळा घाडी रडलेलो. त्याका लेस बांधूक जमत नाय होती, मी बांधून दिलंय. तो अर्ध्यावर घसरून परत खाली इलो, परत रडलो, आणि परत गेलो. ह्या घराच्या भायर जाता नये. माझा हात धरला होता तुम्ही. आणि दुसऱ्या दिवशी मी सोळाशे मीटरच्या दुसऱ्या फेरीत पाण्याच्या टँकरमागे बसलो आणि तिथूनच गेटबाहेर गेलो. तुम्ही अंगणात, काका, शेजारी, सगळ्यांच्या समोर मला भित्रो म्हणालात. त्यानंतर मी गोव्याला होतो, सुरतला होतो, एक महिना देवनारला बोकडांच्या गाड्या धुतल्या, अंधेरी, घाटकोपर. जिथे गेलो तिथे तो शब्द माझ्याआधी पोचलेला असायचा.

मुलुंडला मी तोंड उघडलं ते तुमच्यासाठीच. त्या ऑफिसवाल्या बाई बोलल्या ते मला सहन झालं नाही, शपथ. पण कापताना मनात दुसरंच होतं. वाटलं, तो शब्द एकदा माझ्या अंगावरून दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर जाऊ दे. मग तो बाळाकाकांच्या अंगावर गेला तरी चालेल. तुम्ही मला धीर यावा म्हणून जे दिलं होतं, त्याचं मी हे केलं.

आता तुम्ही म्हणता, तो माझ्या अंगावर टाक. रविवार पाच दिवसांवर आहे. तुम्ही सांगितलं तसं बोललो तर मी सुटतो, तुमच्या दारात कोणी येत नाही, सगळं मिटतं. फक्त गावातली पोरं तुमच्या बुटांकडे बोट दाखवतील.

मला रात्र-दिवस एकच दिसतं, मी तो कागद वाचतोय आणि माझा आवाज अजिबात कापत नाहीये.

सर्वेश


माहुल
शुक्रवार, ६ फेब्रुवारी

बाबा,

ओरडू नका. मी काल बोरिवलीला जानकीकाकींकडे, बाळाकाकांच्या घरी गेलो होतो.

कृणाल म्हणाला, माफी त्यांची मागायची ना, मग मंडळाच्या हॉलमध्ये कशाला, घरी जा. मला ते पटलं आणि जायला निघेपर्यंत परत पटेनासं झालं. तोंडाला मास्क, डोक्यावर कृणालची टोपी. तीन बस बदलल्या. वाकोल्याच्या पुलाखालून बस गेली तेव्हा मी सीटखाली काहीतरी पडल्यासारखं करून वाकून राहिलो. शेजारचे काकाही वाकले आणि काय पडलं म्हणून शोधायला लागले. भला माणूस. स्टॉप गेला तरी शोधत होते.

दार त्यांनीच उघडलं. मी मास्क काढला. त्यांनी ओळखलं. मला वाटलं आता मारतील, आणि खरं सांगतो, मारलं असतं तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, चपला आत घे, बाहेर दिसतील.

घरात बाळाकाकांचा फोटो आहे, बारीक माणूस, कान मोठे. पिक्चरमधल्या हिरोशी काही संबंध नाही. मी पाया पडलो आणि पाठ केलेलं बोलायला लागलो. त्यांनी मध्येच थांबवलं. म्हणाल्या, तुझे बाबा तेराव्याला आले होते. ह्याच खोलीत बसून म्हणाले, वहिनी, तो हसत गेला, रडलो मी.

मग त्यांनी मला विचारलं, "खरं कोणतं?"

तुम्ही बाळाचा नाव काढू नको म्हणाला होतात. पण त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की मला खोटं बोलता आलं नाही. सगळं सांगितलं. थरथरणारे हात, लेस, अर्ध्यावरून घसरून खाली येणं, परत रडणं, परत वर जाणं. साडेचार मिनिटांचं ते सगळं. पहिल्यांदा कोणीतरी ते शेवटपर्यंत ऐकलं.

काकी रडल्या नाहीत. उठून ओट्यापाशी गेल्या. मग म्हणाल्या, "तेवीस वर्षं मी तुझ्या बाबांना मनातून भित्रा समजत आले रे. रडणारा परत आला आणि हसणारा गेला, हे माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही. दर वर्षी आंब्याची पेटी येते त्यांची. मी शेजारी वाटून टाकते. एक फोड तोंडात घातली नाही."

हे तुम्हाला लिहू की नको, दोनदा विचार केला. पण तुम्ही पाठवत राहिलात, म्हणजे तुम्हाला कुठेतरी माहीत असणार.

निघताना मी विचारलं, काकी, रविवारी मी काय बोलू? त्या म्हणाल्या, मला कळलं तेवढं पुरे, त्यांचं रडणं त्या हॉलमध्ये नको. लोक त्याचं काय करतात ते तू बघतोयस. मी म्हणालो, मग बाबांचं नाव घ्यावं लागेल. त्यावर त्यांनी डब्यात घावणे बांधून दिले आणि म्हणाल्या, मागच्या गेटने जा, पुढे पानवाल्याकडे मंडळाची पोरं असतात.

बाळाकाकांचं नाव घ्यायचं नाही. तुमचं नाव घ्यायला तुम्ही सांगताय आणि माझी जीभ वळत नाही. राजेशभाऊ रोज फोन करतात, जेवलास का विचारतात. काल म्हणाले, कणकवलीची पोरं तयार आहेत, पण मी थांबवलंय. कृणाल म्हणतो, पळ. सुरतला ओळख आहेच तुझी. बॅग भरलेली आहे. तुम्हाला खोटं सांगत नाही, सकाळी दोनदा खांद्याला लावून बघितली.

सर्वेश


माहुल
सोमवार, ९ फेब्रुवारी

बाबा,

डावा कान नीट ऐकू येत नाहीये, बाकी ठीक आहे. आईला कानाचं सांगू नका.

हॉलमध्ये शंभर खुर्च्या आणि मागे उभे असलेले वेगळे. स्टेजवर बाळाकाकांचा मोठा फोटो लावलेला, म्हणजे हिरोचा. जानकीकाकी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. हर्षद कॅमेरा घेऊन आला होता, त्याने माझ्याकडे बघितलं नाही. राजेशभाऊंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि कागद दिला. मोठ्या अक्षरात छापलेला, म्हणजे अडखळायला नको. माझे पाय लटपटत होते. पुढच्या रांगेतला कोणीतरी म्हणाला, बघा, हाच खरा नंदू, आणि सगळे हसले.

मी कागद घडी करून खिशात ठेवला. ठरवून असं काही केलं नाही. वाचायला वर धरला तर तुमचं नाव पहिल्याच ओळीत होतं.

मी म्हणालो, "माझ्या बाबांनी मला असं काहीही कधी सांगितलं नाही. हे मी रचलं. मी भरतीच्या मैदानावरून दुसऱ्या फेरीत पळून आलेला मुलगा आहे. मला माझ्यासारखा कोणीतरी पाहिजे होता, म्हणून मी घाडीसाहेबांना घाबरलेलं दाखवलं. मी खोटं बोललो. जानकीकाकींची माफी मागतो."

राजेशभाऊ गोंधळले. हवी होती ती माफी मिळाली होती, पण लिहून दिलेली नव्हती. ते माईकपाशी आले आणि म्हणाले, मग चौकीवर रडलं कोण, तुझा बाप रडला होता की नाही ते सांग.

मी म्हणालो, "माझ्या बाबांना मी कधी रडताना बघितलेलं नाही."

तेव्हा कानाखाली बसली. कोणाची ते कळलं नाही. मग काळं ऑइल. डोळ्यात गेलं, त्यामुळे पुढचं दिसलं नाही, नुसतं ऐकलं, तेही एकाच कानाने. मी पळालो नाही असं लिहायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे दरवाजा कुठे आहे तेच दिसत नव्हतं.

आवाज कमी झाला तो काकी उठल्या म्हणून. हर्षदने सवयीने त्यांच्यापुढे माईक धरला असणार, कारण त्याचा तो प्रश्न मला ऐकू आला, ताई, पिक्चरबद्दल तुमचं मत? स्टार वगैरे त्याने विचारले नाहीत. काकी म्हणाल्या, "चांगला आहे. तो नंदू तेवढा खोटा दाखवलाय. नंदूभावजी तसे नव्हते."

कोणीतरी विचारलं, म्हणजे कसे? त्या म्हणाल्या, मला घरी सोडा.

ते रात्री चॅनलवर आलं. कृणालने बघितलं. माझ्या माफीवर चार हजार मतं आहेत आणि मी विचारलं नाही तरी त्याने सांगितलं की सगळी एकसारखीच आहेत. भित्रा, खोटारडा, बापाच्या नावाला काळं फासणारा. तुमच्यावर एक पण नाही. बाळाकाकांवर एक पण नाही. सरूबाईंनी खोबरेल तेल लावून माझ्या मानेवरचं ऑइल काढलं. त्या म्हणाल्या दोन धुण्यांत जाईल, पण कानामागचं राहील थोडं.

राजेशभाऊंचा सकाळी फोन आला. आवाज तसाच गोड. विषय संपला म्हणाले, गावच्या पोरांना सांगितलंय. खरं बोलतात की नाही ठाऊक नाही. बाईकचा आवाज आला की अजून मी जाळ्यांच्या ढिगाकडे बघतो.

तुमचं ऐकलं नाही. तुम्ही जे बोलायला सांगितलं होतं ते मी बोललो नाही, म्हणून रागावला असाल तर रागवा. पण आता गावात लोक तुम्हाला विचारतील. देवळापाशी विचारतील, बाजारात विचारतील, तो व्हिडिओवाला पोरगा तुमचाच ना. तेव्हा तो खोटारडा आहे म्हणा. पळपुटा म्हणा, भित्रो म्हणा, तुम्हाला जे सुचेल ते म्हणा, मी सगळ्यांसमोर तेच सांगून आलोय, तुम्हाला अडचण पडायची नाही.

फक्त माझा पोरगा नाही असं म्हणू नका.

सर्वेश